शिकणाऱ्याच्या घरची चूल

एखाद्या तालुक्याच्या गावातील घाऊक औषधांची पेढी डोळ्यांसमोर आणावी. बारावीची परीक्षा विज्ञान शाखेतून उत्तीर्ण झालेला एक मुलगा वडिलांच्या आजारपणामुळे शिक्षण सोडून त्या पेढीवर उभा राहिला. त्याला आता सोळा वर्षे झाली. कोणते औषध कोणत्या फळीवर आहे, कोणत्या मालाची मुदत केव्हा संपते, कोणत्या दुकानदाराची उधारी किती थकली आहे, हे सारे त्याला तोंडपाठ आहे. पुढे मालकांची मुले शहरात स्थायिक झाली, मालक थकले आणि पेढी बंद झाली. पस्तिशीच्या उंबरठ्यावर, दोन मुले आणि वृद्ध आई पदरी असताना, हा गृहस्थ रिकामा झाला.

गावात स्वतःचे औषधांचे दुकान काढण्याइतके अनुभवज्ञान त्याच्याजवळ आहे. अधिकार मात्र नाही. १९४८ च्या फार्मसी कायद्याप्रमाणे डॉक्टरांच्या चिठ्ठीवरील औषध रुग्णाला देण्याचे काम नोंदणीकृत फार्मासिस्टच्या हातून किंवा त्याच्या प्रत्यक्ष देखरेखीखाली व्हावे लागते. त्या नोंदणीसाठी किमान पदविका हवी. म्हणजे दोन वर्षांचा पूर्णवेळ अभ्यासक्रम आणि त्यानंतर पाचशे तासांचे प्रत्यक्ष प्रशिक्षण, ज्याला तीन महिने तरी लागतात. पगारी फार्मासिस्ट ठेवावा, तर तेवढे भांडवल नाही. दुसऱ्याचे प्रमाणपत्र भिंतीवर टांगून दुकान चालविण्याचा आडमार्ग सुचविणारे चार जण भेटतात. पण ज्या घरात सचोटीचे संस्कार झाले, तेथे तो मार्ग मनाला पटत नाही. सरळ मार्ग एकच : पुन्हा वर्गात जाऊन बसणे.

येथपर्यंत सारे नातेवाईक त्याचे कौतुक करतात. शुल्काची व्यवस्था होईल, असा धीरही देतात. समाजाच्या शिष्यवृत्तीतून काही मिळेल, बँकेचे शैक्षणिक कर्ज मिळेल, एखादे मामा पुस्तकांचा भार उचलतील. प्रश्न शुल्काचा नसतोच. प्रश्न असा असतो की, या सत्तावीस महिन्यांत घरची चूल कशी पेटणार? किराणा, वीज, मुलांच्या शाळेचा खर्च, आईची औषधे यांचे काय? शैक्षणिक कर्जात शुल्क, पुस्तके, वसतिगृह यांचा हिशेब धरला जातो; शिकणाऱ्याच्या मुलांच्या दुधाचा रतीब त्यात कोठेच बसत नाही. अखेरीस तो दुसऱ्या एका दुकानात पूर्वीपेक्षा कमी पगारावर गल्ल्यापाशी बसतो आणि पदविकेचा अर्ज कपाटात राहून जातो. घरातील कोणी त्याला शिकू नको म्हटलेले नसते. तरीही तो शिकू शकत नाही.

व्यापाऱ्याच्या वहीत प्रत्येक सौद्याच्या दोन बाजू असतात. प्रौढ माणसाच्या शिक्षणाच्या खर्चालाही दोन बाजू आहेत. एक दिसणारी, म्हणजे शुल्क, पुस्तके, प्रवास. दुसरी न दिसणारी, म्हणजे शिकत असताना बुडणारी कमाई. सतरा वर्षांच्या मुलाच्या बाबतीत ही दुसरी बाजू जवळजवळ शून्य असते, कारण त्याला पोसणारे घर उभे असते. पस्तिशीच्या माणसाच्या बाबतीत तीच बाजू जड होते, कारण ते घर तोच पोसत असतो. म्हणून केवळ शुल्काची मदत मुलाला तारते, प्रौढाला तारत नाही.

ही अडचण केवळ गरीब देशांची नाही. ज्या देशांत सरकार बेकार माणसाला दरमहा वा दर आठवड्याला भत्ता देते, तेथेही ती निराळ्या रूपाने उभी राहते. बेकारभत्त्याची सर्वसाधारण अट अशी असते की, भत्ता घेणारा मनुष्य काम शोधत असला पाहिजे आणि काम मिळताच ते स्वीकारण्यास मोकळा असला पाहिजे. आता जो मनुष्य दिवसभर महाविद्यालयात बसतो, तो कामास मोकळा कसा? म्हणजे त्याने शिकावयास सुरुवात केली की भत्ता बंद. ब्रिटनमध्ये आजही पूर्णवेळ विद्यार्थ्याला ‘युनिव्हर्सल क्रेडिट’ हे सरकारी साहाय्य सर्वसाधारणपणे मिळत नाही. लहान मुलांची जबाबदारी, अपंगत्व अशा काही परिस्थितींत त्याला अपवाद केले जातात. नियम दुष्ट हेतूने केलेला नाही. काम करण्याऐवजी लोक वर्षानुवर्षे विद्यार्थी म्हणून सरकारी पैशावर राहतील, ही भीती त्यामागे आहे. परंतु परिणाम विचित्र होतो : रिकामे बसल्यास पोटापुरते मिळते आणि शिकावयास गेल्यास तेही जाते.

शेजारच्या आयर्लंडने या गाठीवर एक उपाय शोधला. तेथे ‘बॅक टू एज्युकेशन अलाउन्स’, म्हणजे पुन्हा शिक्षणाकडे वळणाऱ्यांसाठीचा भत्ता, अशी स्वतंत्र योजना आहे. काही काळ बेकारभत्ता किंवा तत्सम साहाय्य घेणारी, साधारणपणे वयाची २१ वर्षे पूर्ण केलेली व्यक्ती मान्यताप्राप्त पूर्णवेळ अभ्यासक्रमास गेली, तर तिच्या भत्त्याचा ओघ थांबत नाही. त्याचे नाव आणि अटी तेवढ्या बदलतात. काम शोधण्याची अट जाते, शिकण्याची अट येते. जोडीदार व मुले अवलंबून असल्यास त्यांच्यासाठीची वाढीव रक्कमही मिळू शकते. म्हणजे ज्या दिवशी वडील वर्गात जाऊ लागतात, त्या दिवशी मुलांचे ताट रिकामे होत नाही.

या योजनेच्या अटी व्यवहार जाणणाऱ्यांनी मुद्दाम पाहण्यासारख्या आहेत. पहिली अट प्रतीक्षेची. शालेय पातळीच्या अभ्यासक्रमासाठी सुमारे तीन महिने आणि महाविद्यालयीन अभ्यासक्रमासाठी सुमारे नऊ महिने सरकारी साहाय्यावर काढलेले असावे लागतात. चालती नोकरी सोडून केवळ भत्त्यासाठी कोणी विद्यार्थी होऊ नये, हा तिचा हेतू. मात्र जो कामगारकपातीत सापडला आणि ज्याला कायद्याप्रमाणे कपातीची भरपाई मिळाली, त्याला ही प्रतीक्षा माफ होऊ शकते, कारण त्याचा हेतू तपासण्याची गरजच उरत नाही. दुसरी अट वरच्या पायरीची. पूर्वी मिळविलेल्या पात्रतेपेक्षा नवा अभ्यासक्रम वरच्या पातळीवर नेणारा हवा. पदवी असलेल्या माणसाने त्याच पातळीची दुसरी पदवी घेण्यासाठी सार्वजनिक पैसा वापरू नये, असा तिचा अर्थ. उदारपणा आणि हिशेब यांचा मेळ घालण्याचा हा प्रयत्न आहे.

२००८ च्या आर्थिक अरिष्टात या योजनेची खरी कसोटी लागली. आयर्लंडमधील बांधकाम व्यवसाय कोसळला. तेजीच्या काळात शाळा अर्धवट सोडून गवंडीकाम, सुतारकाम, रंगकाम यांत शिरलेले असंख्य तरुण एकाएकी रिकामे झाले. पूर्वी शेकडा पाचच्या आसपास असलेले बेकारीचे प्रमाण २०१२ पर्यंत शेकडा पंधराच्या घरात गेले. हातात कौशल्य, पण त्या कौशल्याला गिऱ्हाईक नाही, अशा अवस्थेत पुष्कळांनी या भत्त्याचा आधार घेऊन पुन्हा वर्ग गाठले.

आता या गोष्टीची दुसरी बाजू. आयर्लंडमधील आर्थिक व सामाजिक संशोधन संस्थेने २०१५ साली या योजनेचे मूल्यमापन प्रसिद्ध केले. २००८ मध्ये भत्ता घेऊन शिकावयास गेलेल्यांची तुलना तशाच परिस्थितीतील, परंतु न गेलेल्या बेकारांशी करण्यात आली. निष्कर्ष अपेक्षेच्या उलट निघाला. काही वर्षांनंतर पाहता, शिकावयास गेलेल्यांचे नोकरीला लागण्याचे प्रमाण इतरांपेक्षा कमीच आढळले. सार्वजनिक पैशाविषयी इतका प्रांजळ हिशेब मांडणे, ही स्वतःच आदर वाटावा अशी गोष्ट आहे. त्या निष्कर्षावरून शिक्षण निरुपयोगी असते, असे म्हणता येणार नाही. परंतु केवळ भत्ता दिला आणि वर्गात पाठविले म्हणजे काम संपले, असेही म्हणता येणार नाही. कोणी काय शिकावे, त्या शिक्षणाला पुढे मागणी आहे काय, शिकून बाहेर पडल्यावर पहिले दार कोण उघडणार, हे प्रश्न प्रवेश घेण्यापूर्वी विचारले गेले पाहिजेत. दुकानात माल भरण्यापूर्वी व्यापारी बाजार पाहतो; शिक्षणाच्या बाबतीत मात्र हे भान पुष्कळदा सुटते.

स्वीडनचा अनुभवही याच दिशेने बोट दाखवितो. १९९० च्या सुमारास तेथे बेकारी शेकडा दोनच्याही खाली होती. पुढच्या तीन-चार वर्षांतील मंदीने ती शेकडा आठांवर नेली. तेव्हा तेथील सरकारने १९९७ मध्ये ‘ज्ञानोन्नती’ असा अर्थ होईल अशा नावाची मोठी मोहीम हाती घेतली. उच्च माध्यमिक शिक्षण पुरे न झालेल्या प्रौढांनी, आणि त्यांतही बेकारांनी, पुन्हा शाळेत यावे यासाठी नगरपालिकांना निधी देण्यात आला. दरवर्षी सुमारे एक लाख पूर्णवेळ जागांची सोय करण्यात आली. ठरावीक वयोगटातील बेकारांना शिकत असताना बेकारभत्त्याइतकेच साहाय्य काही काळ देण्यात आले. २००२ मध्ये ही मोहीम संपली. संशोधकांचे निष्कर्ष संमिश्र होते : तरुण पुरुषांना काम मिळण्यास मदत झाल्याचे दिसले; सर्वांची कमाई वाढली, असे मात्र दिसले नाही. तरीही स्वीडनने तो विचार सोडला नाही. २०२२ च्या नव्या कायद्याने २७ ते ६२ वयोगटातील, पुरेशी वर्षे काम केलेल्या व्यक्तींना पूर्णवेळ शिक्षणासाठी ४४ आठवड्यांपर्यंत, ठरावीक मर्यादेत, पगाराच्या ८० टक्क्यांपर्यंत साहाय्य देण्याची सोय केली. बासष्टाव्या वर्षापर्यंत मनुष्य विद्यार्थी होऊ शकतो, ही कल्पनाच विचार करावयास लावणारी आहे.

भारतात यासंबंधी काय आहे? संघटित क्षेत्रातील कामगारासाठी कर्मचारी राज्य विमा महामंडळाची २००५ पासून राजीव गांधी श्रमिक कल्याण योजना आहे. कारखाना बंद पडल्यामुळे किंवा कामगारकपातीमुळे काम गेलेल्या विमाधारकाला, अटी पूर्ण होत असल्यास, वेतनाच्या काही हिश्श्याइतका भत्ता जास्तीत जास्त चोवीस महिने मिळू शकतो. व्यवसाय प्रशिक्षणाचीही तरतूद आहे. विमाधारकांनी तिची माहिती अवश्य करून घ्यावी. परंतु व्यापारी घरांतील पुष्कळ माणसे या चौकटीच्या बाहेर राहतात. दोन-तीन माणसांच्या दुकानाला ही विमा योजना सहसा लागू नसते. आणि स्वतः दुकानदाराचे तर काय सांगावे? कारखाना बंद पडला तर त्याची नोंद होते. दुकानाचे शटर कायमचे खाली आले, तर त्या दुकानदाराला कोणत्याही कागदावर बेकार म्हटले जात नाही. आयर्लंडने २०१९ मध्ये स्वयंरोजगार करणाऱ्यांसाठीही, व्यवसाय बंद झाल्यास मिळणारे विमाधारित साहाय्य सुरू केले. भारतातील छोट्या दुकानदाराच्या वाट्याला अद्याप तसे काही आलेले नाही. जोपर्यंत येत नाही, तोपर्यंत ही पोकळी भरण्याचे काम समाजावर येते.

हे काम समाजाला नवे नाही. मुंबईत आचार्य विजयवल्लभसूरींच्या प्रेरणेने १९१५ मध्ये महावीर जैन विद्यालय उभे राहिले. केवळ शुल्क दिल्याने खेड्यातून आलेला मुलगा शिकू शकत नाही, त्याला राहावयास जागा आणि शुद्ध आहार हवा, हे संस्थापकांनी ओळखले होते. म्हणून निवास आणि भोजन हेच त्या कार्याचे केंद्र झाले. कुंभोजच्या जैन कुटुंबात जन्मलेल्या कर्मवीर भाऊराव पाटलांनी १९१९ मध्ये रयत शिक्षण संस्था स्थापन केली आणि साताऱ्याच्या वसतिगृहात सर्व जातिधर्मांची मुले एका पंक्तीला बसविली. ‘कमवा आणि शिका’ ही त्यांची योजना महाराष्ट्राला ठाऊक आहे. वसतिगृहातील मुलांच्या जेवणासाठी त्यांच्या पत्नी लक्ष्मीबाईंनी अंगावरचे दागिने दिले, अखेरीस मंगळसूत्रही दिले. त्या माउलीने कोणाचे परीक्षाशुल्क भरले नव्हते. तिने धान्य आणले होते. मुलांचे शिक्षण चालू राहिले ते त्या धान्यामुळे.

या सर्व थोर कार्यात एक गृहीत धरलेले होते : विद्यार्थी तरुण आहे आणि एकटा आहे. त्याला वसतिगृहात एक खाट आणि पंक्तीत एक पान मिळाले की पुरे. प्रौढ विद्यार्थ्याला तसे वसतिगृहात ठेवता येत नाही. त्याचे वसतिगृह म्हणजे त्याचे स्वतःचे घर, आणि त्या घरात त्याच्यासह चार-पाच पाने वाढावी लागतात. म्हणून शंभर वर्षांपूर्वी पूर्वजांनी मुलांसाठी जे केले, तेच आज प्रौढासाठी करावयाचे असेल, तर मदत त्याच्या घरी पोहोचली पाहिजे.

बहुतेक शिष्यवृत्तींचे अर्ज मात्र आजही तरुण मुले डोळ्यांसमोर ठेवून तयार केलेले असतात. त्यांत वयाची मर्यादा असते, मागील वर्षाची गुणपत्रिका मागितलेली असते, पालकाची सही मागितलेली असते. चौतीस वर्षांच्या माणसाने पालक म्हणून कोणाची सही आणावी? हीच गोष्ट स्त्रियांची. पतीच्या निधनानंतर वा संसारावर आघात झाल्यानंतर परिचारिकेचे किंवा अध्यापनाचे शिक्षण घेऊ पाहणाऱ्या भगिनीला शिलाईयंत्र तत्परतेने मिळते; तीन वर्षे वर्गात बसण्यासाठी घरखर्च मिळत नाही. शिलाईयंत्राने तिचे आजचे भागेल. शिक्षणाने तिच्या मुलांचे उद्याचेही भागले असते.

विश्वस्त मंडळांनी या प्रश्नाचा विचार करावयाचे ठरविले, तर काही गोष्टी अवघड नाहीत. वयाची मर्यादा काढून टाकता येईल. शुल्काऐवजी, किंवा शुल्काबरोबर, ठरावीक मासिक निर्वाहरक्कम देता येईल. ती देताना उपस्थितीची आणि उत्तीर्ण होण्याची अट घालता येईल. शिक्षण वरच्या पायरीवर नेणारे आहे काय, हे पाहता येईल. आणि आयर्लंडच्या अनुभवावरून शिकावयाचे तर, प्रवेशापूर्वी त्या व्यवसायातील दोन जाणत्या माणसांशी अर्जदाराची गाठ घालून देता येईल. समाजात औषधविक्रेते आहेत, हिशेबतपासनीस आहेत, अभियंते आहेत. एका रविवारचा एक तास देणे त्यांना जड नाही. शिकून बाहेर पडणाऱ्याला पहिला मालउधार कोण देणार, हेही त्याच वेळी बोलून ठेवता येईल.

रकमेचा हिशेबही घाबरविणारा नाही. एका कुटुंबाला दरमहा १५,००० रुपये लागतील, असे धरले, तर सत्तावीस महिन्यांचे ४,०५,००० रुपये होतात. पंधरा घरांनी दरमहा हजार रुपये दिले, तर एक कुटुंब त्या काळात उभे राहते. ही रक्कम दान म्हणून द्यावी की बिनव्याजी परतबोलीवर, हे घेणाऱ्याला विचारून ठरवावे. स्वाभिमानी माणसाला परतबोली अधिक रुचते. आणि परत आलेल्या हप्त्यांतून दुसऱ्याचे घर उभे राहते.

त्याहून महत्त्वाची गोष्ट अब्रूची आहे. व्यापारी घरात धंदा बुडाल्याची वार्ता बाहेर जाऊ नये म्हणून माणसे काय काय सोसतात, हे पेठेतील प्रत्येकाला ठाऊक आहे. लग्नकार्यात तसाच आहेर होतो, पर्युषणात तशीच बोली लावली जाते, आणि घरात मात्र दागिने गहाण पडलेले असतात. अशा माणसाला सभेत व्यासपीठावर बोलावून, छायाचित्र काढून धनादेश दिला, तर तो पुन्हा दारात येणार नाही. गुप्तदानाची परंपरा याच ठिकाणी उपयोगी पडावयास हवी. देणाऱ्याचे नाव झाकण्याइतकेच घेणाऱ्याचे नाव झाकणेही महत्त्वाचे आहे.

आहार, औषध, शास्त्र आणि अभय असे दानाचे चार प्रकार सांगितले जातात. ते वेगवेगळे मोजण्याची सवय झाली आहे : अन्नछत्र एकीकडे, दवाखाना दुसरीकडे, शिष्यवृत्ती तिसरीकडे. पुन्हा शिकू पाहणाऱ्या प्रौढाच्या घरी मात्र हे चारही एकाच ठिकाणी लागतात. त्याला ज्ञान हवे, मुलांना अन्न हवे, आईला औषध हवे. आणि महिनाअखेरीस दुधवाला दारात उभा राहील, ही भीती मनातून गेल्याशिवाय त्याचे लक्ष पुस्तकात लागणार नाही.

कोणत्यातरी गावी, कोणत्यातरी दुकानात, गल्ल्यापाशी बसलेल्या त्या गृहस्थाचा अर्ज अजून कपाटातच आहे. तो मदत मागावयास येणार नाही. त्याच्या घरी जाऊन, ‘भाऊ, तुम्ही शिका, घरचे आम्ही पाहतो,’ असे कोणीतरी वडीलधाऱ्याने म्हणावयास हवे. पुढील वर्षाचे प्रवेश सुरू होण्यापूर्वी प्रत्येक गावच्या मंडळाने असे एक घर शोधावे.